स्पायडरमॅनच्या खोलीचं भाडं

'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंक मार्च १९६३ चा. त्यात एक प्रसंग आहे, जेमतेम काही चौकटींचा. काका वारलेत, घरात कमावणारं कुणी नाही, म्हणून पीटर पार्कर स्पायडरमॅनच्या वेषात एक शो करतो. शो करवणारा माणूस रोख द्यायला तयार नाही, तो चेक देतो. चेकवर नाव कुणाचं घालणार? खरं नाव तर सांगायचं नाही. मग चेक 'स्पायडरमॅन'च्याच नावाने निघतो. पीटर तो लाल-निळा वेष अंगात घालून बँकेत जातो आणि काउंटरवरचा माणूस शांतपणे ओळखपत्र मागतो. असला ड्रेस काय, कुणीही घालून येईल.

भिंतीवर सरसर चढणारा पोरगा केवायसीत अडकतो.

त्याच अंकात मे काकू घर चालवण्यासाठी दागिने गहाण टाकताना त्याला दिसते. आणि त्याच अंकात तो 'फँटास्टिक फोर' या त्या काळच्या नावाजलेल्या सुपरहिरो टीमकडे नोकरी मागायला जातो. पहिला प्रश्न पगाराचा. आम्ही कुणाला पगारबिगार देत नाही, जे येतं ते संशोधनात जातं, असं उत्तर मिळतं आणि हा फणफणत परत येतो.

हे सगळं मी वाचलं ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, कंपनीच्या बसमध्ये, वाकडहून हिंजवडीला जाताना. तेवढं अंतर कापायला पावसाळ्यात जो वेळ लागतो त्यात दोन अंक आरामात होतात. पगार झाला की तिसऱ्या दिवशी शैक्षणिक कर्जाचा हप्ता जायचा, मग धाकट्या भावाच्या क्लासची फी, मग खोलीचं भाडं. अंक मी मजा म्हणून वाचायला घेतले होते. लहानपणी केबलवर हिंदीतला स्पायडरमॅन पाहिलेला, त्याचं मूळ काय ते बघावं, इतकंच. पण त्या चेकच्या पानावर मी थांबलो आणि मागे जाऊन पुन्हा वाचलं. आमच्या घरात अमुक तारखेला तमुक रक्कम कुठून येणार ही चर्चा जेवताना व्हायची. सुपरहिरोच्या गोष्टीत ती चर्चा मी पहिल्यांदाच वाचत होतो.

तेव्हापासून स्पायडरमॅनचा कुठलाही नवा अवतार आला, सिनेमा, मालिका, कार्टून काहीही, की मी आधी एकच गोष्ट बघतो: याच्या घरात पैशांचं काय चाललंय? इफेक्ट्स, व्हिलन, हिरॉइन हे सगळं नंतर. ही मोजपट्टी एकांगी आहे हे मला मान्य आहे. पण तिने मोजल्यावर प्रत्येक अवतार आपला काळ फार स्पष्ट सांगून जातो.

सुरुवातीपासून बघू. ऑगस्ट १९६२ ची तारीख असलेला 'अमेझिंग फँटसी'चा पंधरावा अंक, म्हणजे त्या मासिकाचा शेवटचाच. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी त्यात पीटर पार्कर आणला. तोपर्यंत सुपरहिरोंच्या गोष्टींत पोरसवदा मुलगा असायचा तो मोठ्याचा चेला म्हणून. बॅटमनचा रॉबिन असतो तसा. इथे मुलगाच मुख्य. कोळी चावतो, ताकद येते, आणि हा पहिला विचार करतो तो कमाईचा. टीव्हीवर झळकतो. अशातच एक चोर त्याच्यासमोरून पळतो आणि हा हात बांधून उभा राहतो, माझा काय संबंध म्हणून. पुढे तोच चोर बेन काकाला मारतो. ताकद आणि जबाबदारी यांचं ते जगप्रसिद्ध वाक्य तिथे काकाच्या तोंडी नाहीच, बरं का. शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे. काकाच्या तोंडी ते नंतर घातलं गेलं.

(जाता जाता: इंग्रजीत 'अंकल' आणि 'आंट' म्हणून भागतं. आपल्याला आधी ठरवावं लागतं की मावशी की आत्या की काकू. बेन हा पीटरच्या वडिलांचा थोरला भाऊ, त्यामुळे काका-काकू. म्हणजे रक्ताचं नातं काकाशी होतं, आणि तो गेल्यावर मागे उरलेली काकू केवळ नात्याने आलेली. ती त्याला वाढवते आणि तो तिच्यासाठी राबतो. मराठीत हे नातं आपोआप जास्त उघडं पडतं.)

काकाच्या मरणाचा हा प्रसंग प्रत्येक दिग्दर्शकाने नव्याने रचला. सॅम रायमीच्या २००२ च्या सिनेमात पीटरला मेरी जेनवर छाप पाडायला गाडी हवी असते, म्हणून तो कुस्तीच्या आखाड्यात उतरतो. तीन मिनिटं टिकलास तर तीन हजार डॉलर, अशी जाहिरात. हा दोनच मिनिटांत समोरच्याला लोळवतो, तर आयोजक शंभर डॉलर हातावर टेकवतो. नियमावर बोट ठेवून. थोड्या वेळात त्याच आयोजकाला लुटून चोर पळतो आणि पीटर त्याला वाट करून देतो. मूळ गोष्टीत नुसता माज होता. रायमीने त्यात बुडवलेल्या पैशाचा राग घातला, आणि मला विचाराल तर गोष्ट सुधारली. कारण माज दुसऱ्याचा वाटतो, हा राग आपला वाटतो. ज्याने ज्याने कुठल्या कंत्राटदाराकडे थकलेल्या पैशांसाठी खेटे घातलेत, तो त्या क्षणी पीटरच्याच बाजूने असतो. आणि मग काका मरतो.

२०१२ च्या सिनेमात मार्क वेबने रक्कम आणखी खाली आणली. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर दुकानात दूध घ्यायला जातो, दोन सेंट कमी पडतात. काउंटरवर सुट्ट्या पैशांची वाटी आहे, पण दुकानदार त्यातले घेऊ देत नाही. चोर गल्ल्यावर हात मारतो आणि जाता जाता दुधाची बाटली पीटरकडे टाकतो. दोन सेंट! एवढ्या क्षुल्लक रकमेपायी काका जातो ही कल्पना मला आवडते. पण त्या सिनेमाला पुढे पैशांत काडीचा रस नाही. हरवलेले आईबाप, त्यांची रहस्यं, एक मोठी कंपनी, त्यात तो गुंतून जातो. जाळ्याची दोरीसुद्धा पीटर तिथे कंपनीची तयार वापरतो.

या जाळ्याबद्दल थोडं बोलायला हवं, इंजिनियर असल्याने ते माझं दुखरं ठिकाण आहे. मूळ पीटरच्या अंगातून जाळं निघत नाही. त्याचं रसायन त्याने घरी बनवलंय, मनगटावरची यंत्रं त्याने घडवलीत. रायमीने हे काढून टाकलं आणि जाळं थेट मनगटातून काढलं. हायस्कूलचा मुलगा असलं रसायन बनवेल हे पटत नाही, असा त्यामागचा विचार. असेल. पण कॉमिक्सच्या अठराव्या अंकात काय धमाल आहे बघा. पीटर हे रसायन चिकटपदार्थ बनवणाऱ्या कंपनीला विकायला जातो. साहेबाला ते आवडतंही. मग कळतं की जाळं तासाभरात विरघळून जातं. जो गोंद तासाने सुटतो तो कोण विकत घेणार? मुलाखत संपली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी केलेला प्रोजेक्ट कुणी कुणाला विकायला गेलं असेल तर ही चौकट त्याने कापून भिंतीवर लावावी. मुलाची अक्कल खरी आहे, वस्तूही खरी आहे, पण बाजाराला ती नको आहे.

तरी रायमीला मी शंभर गुन्हे माफ करीन, ते २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'साठी. जगातली एवढी महागडी फिल्म, आणि ती सुरू होते पिझ्झाच्या डिलिव्हरीने. एकोणतीस मिनिटांत पोचला नाही तर फुकट. पीटर वाटेत मुलांना वाचवतो, पिझ्झा उशिरा पोचतो, नोकरी जाते. घरमालकाचं आडनाव डिट्कोविच, त्यात स्टीव्ह डिट्को लपलेला आहे. भाडं थकलंय आणि डिट्कोविचला वायद्यांत रस नाही. वाढदिवसाला काकू त्याच्या हातात वीस डॉलरची नोट कोंबते. तिचं स्वतःचं घर बँकेच्या हप्त्यांत बुडत चाललंय. तो नको म्हणतो तशी ती चिडते, घे म्हणते ना, आणि रडायला लागते. मग दोघं बँकेत जातात. मी पियानोच्या शिकवण्या घेते, असं ती म्हातारी अधिकाऱ्याला सांगते. तो कर्ज देत नाही.

हा सीन मी कितीदा पाहिला असेल. व्हिलन अजून आलेला नाही, दोन माणसं टेबलाच्या एका बाजूला बसलीत आणि एक दुसऱ्या. माझ्या शैक्षणिक कर्जासाठी बाबा आणि मी असेच एका बँकेत बसलो होतो. बाबा इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवलेला माणूस. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि अधिकाऱ्याने काही विचारलं की उत्तर देण्याआधी किंचित हसत होते. माझ्या कर्जाचं काम झालं, आमची तक्रार नाही. पण ते हसणं मला आठवतं. रोझमेरी हॅरिस या अभिनेत्रीने मे काकूचं काम करताना बँकेत नेमकं तेच हसू आणलंय. सिनेमात मग ऑक्टोपस येतो आणि तिजोरी फोडतो. खरं सांगतो, बरं वाटतं.

मार्व्हलच्या स्वतःच्या चित्रपटमालिकेत, म्हणजे टॉम हॉलंडच्या वेळी, हा सगळा मामला बदलला. आधीचे दोघे पंचविशी ओलांडलेले नट शाळकरी पोरं बनले होते. हॉलंड निवडला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि तो खरंच पोर वाटतो. पहिल्या भेटीत तर आशा वाटली होती. 'सिव्हिल वॉर'मध्ये तो कचऱ्यातून उचललेला डीव्हीडी प्लेयर घेऊन घरी येतो. पण घरात टोनी स्टार्क बसलेला असतो. त्या क्षणापासून पीटरची आर्थिक बाजू स्टार्कने उचलली. 'होमकमिंग'मधल्या सूटला जाळं सोडायचे ५७६ प्रकार, बोलणारी सहायक, आणि नवशिक्यांसाठी सगळं कुलूपबंद. ते कुलूप पीटरचा मित्र नेड लॅपटॉपवर बसून काढतो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ॲडमिन राइट्स मिळत नाहीत तेव्हा तो जसा शेजारच्या सीनियरला गाठतो, अगदी तसं. मी थिएटरात एकटाच मोठ्याने हसलो.

गंमत अशी की त्या सिनेमात पैशाचा खरा मारा सोसतो तो व्हिलन. एड्रियन टूम्स, भंगार उचलायचं कंत्राट घेतलेला माणूस. सरकार आणि स्टार्क मिळून ते काम त्याच्याकडून काढून घेतात. त्याने गाड्या घेतल्यात, माणसं नेमलीत, आता हप्ते कसे फेडायचे? पूर्वी जे ओझं नायकाच्या खांद्यावर होतं ते खलनायकाला दिलं, आणि नायकाला मात्र मिळाली इंटर्नशिप. २०२५ च्या 'युवर फ्रेंडली नेबरहुड स्पायडर-मॅन' या कार्टून मालिकेतही तेच, फक्त तिथे श्रीमंत मार्गदर्शक नॉर्मन ऑसबॉर्न आहे. साठच्या दशकातला पोरगा स्वतः दारोदार हिंडत होता, आताच्या पोराला प्लेसमेंट होते. आमच्या पिढीच्या स्वप्नाचा हा नकाशा चूक आहे असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

पण एका जागी मला तो बदल सलतो. डिट्कोने चितारलेला ३३ वा अंक, फेब्रुवारी १९६६. स्पायडरमॅन टनावारी वजनाच्या यंत्राखाली अडकलाय. पाणी आत येतंय. समोर थोड्या अंतरावर, हात पोचणार नाही अशा जागी, एक डबी पडलीय. तिच्यात मे काकूचं औषध आहे. ती इस्पितळात मरणपंथाला लागलीय, आणि आजारी पडलीय ती पीटरमुळेच: पूर्वी तिला दिलेल्या त्याच्या रक्तातला किरणोत्सर्ग तिला बाधलाय. पानंच्या पानं तो ते वजन उचलायचा प्रयत्न करतो. चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी एका पानभर चित्रात तो ते धूड झुगारून देतो.

'होमकमिंग'मध्ये हाच प्रसंग घेतलाय. छत कोसळलंय, पोरगा खाली अडकलाय, आधी रडतो, ओरडतो, मग उठतो. हॉलंडचा अभिनय अस्सल आहे. पण समोर औषधाची डबी नाही. पाण्यात स्वतःचं अर्धं प्रतिबिंब आहे, आणि कानात स्टार्कचे शब्द, की सूटशिवाय तू काहीच नसशील तर सूट तुला शोभत नाही. एक मुलगा स्वतःच्या नजरेत उठून उभा राहतो. मूळ मुलाला स्वतःकडे बघायला फुरसतच नव्हती. ही दोन्ही ओझी खरी असतात, मी दोन्ही उचललीत. पण मला रात्री जागवलं ते डबीवाल्याने.

माइल्स मोरालेसची गोष्ट या मोजपट्टीवर वेगळीच उतरते. तो कॉमिक्समध्ये २०११ साली आला, आणि त्याचा प्रश्न पगाराचा नसून प्रवेशाचा आहे. चांगल्या शाळेत जागा मोजक्या, अर्ज भरपूर, म्हणून सोडत निघते. माइल्सचा नंबर लागतो, आणि बाकीच्या पोरांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याला आनंद धड साजरा करता येत नाही. २०१८ च्या 'इंटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये तो त्या शाळेतून हाकलून द्यावं म्हणून चूक-बरोबरची परीक्षा मुद्दाम नापास होतो. शून्य मार्क. बाई म्हणतात, सगळी उत्तरं चुकवायला सगळी बरोबर उत्तरं माहीत असावी लागतात. बारावीनंतरच्या कॅप राउंडमध्ये लॅपटॉपसमोर बसलेल्या कुणालाही हा पोरगा कळेल. मित्राचा नंबर आपल्याखाली लागतो तेव्हा काय बोलावं हे कुणाला सुचतं?

आणि आपला पवित्र प्रभाकर. २००४ च्या 'स्पायडर-मॅन: इंडिया'त शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी त्याला घडवलं तेव्हा तो शिष्यवृत्तीवर खेड्यातून मुंबईला आलेला मुलगा होता. शाळेतली पोरं त्याच्या धोतराला हसायची. ताकद त्याला एका योग्याकडून मिळते. इथे मात्र माझी पैशाची थिअरी आपटते: भीम काका मरतो तो पैशापायी नाही. एका बाईच्या किंकाळ्या ऐकून पवित्र निघून जातो आणि काका मदतीला धावतो, म्हणून. कॉमिक फक्त चार अंकांचं, आणि तसं बाळबोधच. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मधला पवित्र त्याच्या कितीतरी पट देखणा आहे. केस उडवत मुंबॅटनभर झोके घेतो, सगळं किती सोपं म्हणून फुशारकी मारतो, 'चाय टी' म्हणणाऱ्याला झापतो. सिनेमा मराठीसकट दहा भाषांत आला. मला तो पवित्र फार आवडला. फक्त खेड्यातून आलेला, शिष्यवृत्तीवरचा पोरगा गळला. मुंबईत आल्यावर पहिले सहा महिने तो कुठे राहत होता, हे मला पाहायचं होतं.

'नो वे होम' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मित्रांबरोबर थिएटरात, शिट्ट्यांच्या गदारोळात, तिन्ही स्पायडरमॅन एकत्र आले तेव्हा. दुसऱ्यांदा दिवाळीत इचलकरंजीला, घरी, आईबरोबर. आई शिवणकाम करते. ब्लाउज, पिको-फॉल, शाळांचे गणवेश. सिनेमा चालू असताना ती हुकं लावत बसली होती आणि मधूनच, हा कोण, तो का मेला, असं विचारत होती. जादू, मल्टिव्हर्स, काहीही तिने मनावर घेतलं नाही.

शेवटी काय होतं, तर जग पीटर पार्करला विसरतं. मे काकू गेलीय. स्टार्क तर आधीच गेलाय. पीटर एका पडक्या इमारतीत खोली घेतो. पेटीत शाळा-समकक्ष परीक्षेचं पुस्तक आहे, म्हणजे कॉलेजही हुकलंय. खोलीत शिलाई मशीन आहे आणि त्यावर त्याने नवा वेष शिवलाय. चकचकीत लाल आणि निळा, साध्या कापडाचा. जुन्या कॉमिक्समध्ये हे नेहमीचं होतं. चौथ्या अंकात सँडमनशी मारामारी करताना मुखवटा फाटतो तर पीटर घरी येऊन सुई-दोरा घेऊन बसतो. सिनेमांत मात्र वेष कसा तयार होतो हे कधी धड दाखवत नाहीत. रायमीच्या पीटरने वहीत चार चित्रं काढली आणि पुढच्या सीनमध्ये हॉलिवूडच्या कारागिरांचा सूट त्याच्या अंगावर.

आईने मान वर केली. "हे त्यानं शिवलं?"

"हो."

"ताणाचं कापड आहे. साध्या सुईनं टाके सुटतात." ती थोडा वेळ बघत राहिली. "बगलेत उसवणार. एवढं हात वर करून लोंबकळायचं म्हणजे तिथं कळी घालावी लागते. कुणी शिकवलं याला?"

मी म्हटलं, कुणी नाही, आता त्याला कुणी ओळखतच नाही.

"मग खोलीचं भाडं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, सिनेमाकडेही नाही. तो खिडकीतून बर्फात उडी मारतो आणि नावं सुरू होतात. तीन सिनेमे, एका अब्जाधीशाचा वारसा आणि तीन विश्वं फिरून मार्व्हलने पोराला अखेर तिथे आणून ठेवलं होतं जिथे तो १९६३ साली होता. पुढच्या सिनेमाचं नाव त्यांनी 'ब्रँड न्यू डे' ठेवलंय. हेच नाव २००८ साली कॉमिक्समध्ये वापरलं होतं. तेव्हा एका सैतानाशी सौदा करून पीटरचं लग्नच पुसून टाकलं होतं, आणि तो पुन्हा कडका होऊन काकूच्या घरी राहायला आला होता. वाचक प्रचंड भडकले होते, अजून भडकलेले आहेत. मीही त्यांच्यातलाच, पण कडका झाला याबद्दल माझी तक्रार नाही.

आई पुन्हा हुकं लावायला लागली होती. नावं अर्धी सरल्यावर तिने विचारलं, "मशीन नवीन होतं की सेकंडहँड?"

मी रिमोट घेऊन मागे गेलो. खोलीचा सीन काढला, पॉज केला, आणि आम्ही दोघं टीव्हीजवळ जाऊन बघितलं.